पाहिंगला नको

“आधी फरक बघायचा. मग उत्तर द्यायचं. यंत्र थांबलंय ना, थांबू दे त्याला. त्याला कुठे घरी जाऊन स्वयंपाक करायचाय.”

पाक सुमार्दींचं हे वाक्य लारासच्या डोक्यात नऊ वर्षं ठाण मांडून बसलं होतं. वाक्य शिकवण्याचं, पण सूर असा की म्हातारा अंगणात उकिडवा बसून कोंबड्यांना दाणे टाकतो आहे. रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याच्या, टपरीवर वाडग्यात लिंबू पिळत असताना, ते वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. कारण शेजारी ठेवलेला फोन थरथरला होता आणि त्यावर सुमार्दींचंच नाव होतं. जिल्हा कार्यालयातला सर्व्हर लारासच्या हाती सोपवून, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी या माणसाला घरी बसवत नव्हतं. सेंदांगवारूच्या गुरांच्या बाजारात दाखल्याच्या खिडकीशी तो हौसेने जाऊन बसायचा, लोकांच्या चिठ्ठ्या वाचून द्यायचा, आणि वर सांगायचा की आपण ‘मदतीला’ आहोत. रविवारी सकाळी फोन करण्याइतकी मदत कोणी मागितली होती, हे लारासला कळत नव्हतं.

“लारास, खिडकी बंद पडलीय,” तो म्हणाला. “सहापासून. आम्हाला वाटलं वीज गेली. पण पंखा फिरतोय.”

“बघते, पाक.” थोरामोठ्या पुरुषाला जावात ‘पाक’च म्हणायचं असतं, कितीही राग आला तरी.

“रांग फाटकाबाहेर गेलीय. गुरं एकमेकांच्या अंगावर चढताहेत आणि माणसं माझ्या.”

“बघते म्हटलं ना.”

“बघ. सावकाश बघ,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्या ‘सावकाश’ने तिच्या तोंडातला घास कडू झाला. सावकाशपणा हा त्या माणसाचा धर्म होता. रबरी सपाता फरफटवत तो कार्यालयात यायचा, खुर्चीत बसण्याआधी खुर्चीकडे बघायचा. तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवर तांदळाच्या व्यापाऱ्याने वाटलेली दिनदर्शिका टांगली होती. लाल रंगात आजचा आकडा, आणि त्याच्या खाली, माशीच्या विष्ठेएवढ्या बारीक अक्षरात, जावानी पाच दिवसांच्या आठवड्यातलं आजच्या दिवसाचं नाव: पाहिंग.

ती ते नाव वाचत राहिली. भीती नाही वाटली. भीती फार प्रामाणिक गोष्ट असते, ती नंतर आली. आधी आला तो राग, त्या दिनदर्शिकेचा. विसाव्या नाही, एकविसाव्या शतकात, जिथे टपरीवाली बाईसुद्धा फोनवर चौकटीचं चित्र दाखवून पैसे घेते, तिथे तारखेच्या पोटाखाली ही पाच नावं अजून चिकटून आहेत, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, जशी गाईच्या पोटाला गोचीड. तिने वाडगं बाजूला सारलं, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि टेबलावरच्या तिखटाच्या बाटल्या कोपराने ढकलल्या. “म्बाक, सोतो गार होईल,” टपरीवाली आपल्या या ‘ताईं’ना म्हणाली. “होऊ दे,” लारास म्हणाली.

सर्व्हर जिवंत होता. बिघाड वगैरे काही नव्हता. तो आपली मोजदाद करत बसला होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक गाईबैलाच्या कानात एक पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा, आणि आकडा या यंत्रात. कोणाचं जनावर, कुठल्या गोठ्यातलं, त्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत निघालीय का. बाजारात गाय विकली की खिडकीवर आकडा घालायचा. हिरवं आलं तर दाखला, लाल आलं तर गाय माघारी. आठवड्यातून एकदा यंत्र दार लावून घेतं, सगळ्या नोंदी नव्याने रचतं, त्याला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत ते कोणालाही ओ देत नाही. रविवार, सकाळी सहा ते आठ. ही वेळ जाकार्तात बसलेल्या, या यंत्रातल्या सॉफ्टवेअरचं पॅकेज बनवणाऱ्या लोकांनी ठरवली होती. रविवारी सकाळी सहाला जाकार्तातलं कुत्रंसुद्धा उठत नाही, तेव्हा गुरं विकायला कोण उठणार, असं त्यांच्या त्या थंडगार खोलीत कोणाला तरी वाटलं असणार. मध्येच थांबवलं तर रचना अर्धवट राहणार आणि खिडकी दिवसभर बंद. म्हणजे आठपर्यंत बसायचं. बाजारात चाळीसेक गुरं आकडा न तपासता, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेऊन बाहेर पडणार आणि त्यांतलं एखादं बंद गोठ्यातलं असेल, तर ते कोणाच्या तरी दावणीला जाऊन उभं राहणार. आणि लारास, या सर्व्हरची एकमेव राखणदार, गार सोतोसमोर बसून एक पांढरी पट्टी सरकताना बघणार.

पट्टी एकतीस टक्क्यांवर होती. असल्या वेळी माणसाचं मन कुठे जाईल याचा नेम नाही. तिचं थेट त्या बुधवारकडे गेलं, अकरा दिवसांपूर्वीच्या. ती दुसरीकडे नेऊ बघत होती, पण ते हट्टाने तिकडेच गेलं.

पॅकेजची नवी आवृत्ती आली होती. ती येते तेव्हा आपल्याबरोबर आपली सेटिंगची फाइलही घेऊन येते, कोरी, इस्त्री केलेली, कोणाचा घाम न लागलेली. इथे मात्र तीच फाइल वर्षानुवर्षं वापरातली असते, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली. मग यंत्र मध्येच थांबतं आणि अदबीने विचारतं, की ही फाइल बसवल्यानंतर कोणीतरी बदलली आहे, तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या स्क्रिप्टने, इकडे बनवणाऱ्याने नवी पाठवली आहे, काय करू? ‘वाय’ दाबलं तर नवी. ‘एन’ दाबलं तर जुनीच. ‘डी’ दाबलं तर दोन्हींतला फरक ओळीला ओळ लावून दाखवतं. काहीच न सांगता नुसती एंटर दाबली तर जुनीच ठेवतं. यंत्रालासुद्धा माणसाच्या ठिगळांबद्दल तेवढा आदर असतो. लारासला तो नव्हता. या प्रश्नाला लोक काय करतात हे तिने पुष्कळ पाहिलं होतं. निम्मे जुन्याला कवटाळतात, घाबरून, आणि पाच वर्षांनी त्यांच्या फाइलमध्ये मेलेल्या ओळींचं स्मशान होतं. निम्मे नवी घेतात, आळसाने, आणि दुसऱ्या दिवशी बोंब मारतात. फरक कोणी बघत नाही. या सगळ्यांच्या मानाने ती स्वतःला फार वरची समजायची, कारण ती बघायची. बुधवारीही तिने ‘डी’ दाबलं होतं.

हेच ते. हीच ती जागा, जिथून तिचं मन पळ काढत होतं.

फरक दिसला होता. बराचसा किरकोळ. आणि एका ठिकाणी, आठवड्याच्या मोजदादीच्या ओळीवर, सुमार्दींची एक छोटी स्क्रिप्ट जोडलेली होती, जी रविवारचं जावानी नाव काढायची आणि ते पाहिंग निघालं तर काम सोमवारवर ढकलायची. तिच्या डोक्यावर त्यांच्या हातची टीप: ‘पाहिंगला नको.’ दोन शब्द. खाली नाव, सुमार्दी. जणू शिलालेख.

पाहिंग. सोमवार पाहिंग हा दानांगचा, तिच्या ठरलेल्या नवऱ्याचा, जन्मदिवस होता. लारासचा गुरुवार वागे. पंचांगात प्रत्येक वाराला आकडा: सोमवारचे चार आणि पाहिंगचे नऊ, तेरा. गुरुवारचे आठ आणि वागेचे चार, बारा. तेरा आणि बारा पंचवीस, आठाने भागले की उरतो एक, आणि एक म्हणजे ‘पेगात’, काडीमोड. हा हिशेब आईने सोलोहून आणलेल्या एका दात पडलेल्या म्हाताऱ्याने बैठकीच्या खोलीत, तळलेल्या केळ्यांची ताटली रिकामी करता करता केला होता. लारास त्या वेळी सव्वीस वर्षांची होती आणि विद्यापीठात आकडेमोड शिकून आली होती. एवढी मोठी माणसं बसून भागाकाराच्या बाकीला घाबरताहेत, हे बघून तिला आधी हसू आलं होतं. आई रडली. तिचं काही नाही. आई कशालाही रडायची, सोमवार-गुरुवारचे उपास धरायची आणि उपास सुटताना पुन्हा रडायची, त्या रडण्यात निदान काही तरी खरं होतं. पण दानांग. सहा फुटी, बोटीच्या इंजिनांचा अभियंता, मान खाली घालून म्हणाला होता, “आता मोठ्यांनीच बघितलंय म्हटल्यावर आपण काय करणार, लारास.” ‘आपण काय करणार.’ ती त्याला कधीच माफ करू शकली नाही, लग्न मोडल्याबद्दल नव्हे, तर त्या वाक्यातल्या सुटकेच्या सुस्काऱ्याबद्दल. त्याला ती नकोच होती, आणि तेवढं सांगायलाही त्याने पंचांगाची काठी शोधली होती. तेव्हापासून माणसं पंचांग काढू लागली की लारासच्या ओठाचा एक कोपरा आपोआप वर जायचा. कार्यालयात कोणाच्या बारशाचा, कोणाच्या विहिरीचा, कोणाच्या नव्या गाडीचा दिवस काढायचा असला की लोक तिच्यासमोर आवाज खाली घ्यायचे. तिला ते आवडायचं.

आणि बुधवारी दुपारी, तिच्या स्वच्छ काळ्या स्क्रीनवर, तिच्या सर्व्हरच्या पोटात, ते नाव बसलेलं होतं. तिचा ओठ वर गेला. म्हातारा यंत्रालाही मुहूर्त बघायला लावत होता. तिने ‘वाय’ दाबलं. नवी फाइल आली, कोरी, इस्त्री केलेली. चहा आणायला उठताना तिला अंघोळ केल्यासारखं वाटलं होतं.

पट्टी अठ्ठावन्नवर होती. तिने, हात कुठेतरी गुंतवायचा म्हणून, त्या दिवसाचा लॉग उघडला. यंत्र सगळं लिहून ठेवतं. त्याला कोणाची भीड नसते. ‘डी’. मग फरकाच्या ओळी, सुमार्दींच्या दोन शब्दांसकट. मग ‘वाय’. झालं. कोणी वाचलं तर दोन मिनिटांत कळेल की या बाईने बघितलं आणि मग केलं. पण वाचणार कोण? संबंध कार्यालयात लॉग वाचणारी माणसं दोन. एक ती. दुसरा आत्ता बाजारात गुरांच्या लाथा चुकवत उभा होता.

आणि तरीही, ती स्वतःशी म्हणाली, मला काय माहीत होतं की पाहिंग म्हणजे बाजार. हे म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर तो आलेख आला. सर्व्हरवरच्या कामाचा आलेख, ती रोज सकाळी बघायची. दर पाचव्या दिवशी त्यात एक उंचवटा. चार दिवस सपाट, उंचवटा, चार दिवस सपाट, उंचवटा. दोन वर्षं तिने तो पाहिला होता. त्याला ‘आजीचं कुबड’ असं नावही ठेवलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरचा यूसाक त्यावर हसलाही होता. दर पाचव्या दिवशी काय होतं, हे विचारावं असं त्या दोघा शहाण्यांना एकदाही वाटलं नव्हतं. पंधरा किलोमीटरवर दर पाच दिवसांनी हजारभर गुरं आणि दोन हजार माणसं जमतात, धूळ उडते, दात मोजले जातात, हात झटकले जातात. आणि इथे त्याचं झालं होतं काय, तर एक टेंगूळ आणि त्यावर एक विनोद.

आठ वाजता सर्व्हरने डोळे उघडले. जुनी फाइल मेलेली नव्हती. यंत्र ती फेकून देत नाही, नावाला शेपूट लावून नवीच्या शेजारीच ठेवतं. लारासने ती परत जागेवर बसवली आणि सोतोचे पैसे देऊन स्कूटर काढली. टपरीवालीने वाडग्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

बाजारात ती पोचली तेव्हा रांग अजून फाटकाबाहेरच होती. सेंदांगवारूला ती आयुष्यात दुसऱ्यांदा येत होती. पहिल्यांदा खिडकीची तार जोडायला आली होती तेव्हा रुमाल नाकाला लावूनच. सुमार्दी खिडकीच्या आत एका लाकडी स्टुलावर बसले होते, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, पुढ्यात शाळेची वही. “ये,” ते म्हणाले. “त्या शेणात पाय देऊ नकोस. दिलास? बरं, दे.” वहीत दोन तासांत बाहेर गेलेल्या प्रत्येक गुराचा बिल्ला होता, विकणारा, घेणारा, गाव. एक्केचाळीस. त्यांनी सहा वाजताच वही काढली होती. तिला फोन करायच्या आधी तासभर ते लिहीतच होते. “तुला उठवायचं जिवावर आलं,” ते म्हणाले. “रविवार.”

खोळंबलेली रांग संपवता संपवता दीड वाजला, मग ते वहीतले आकडे वाचत गेले, ती घालत गेली. हिरवं. हिरवं. हिरवं. तिला त्यांच्या वाचण्याचाही राग येत होता. प्रत्येक आकडा ते असा उच्चारत होते की जणू त्या गाईला नावाने हाक मारताहेत. बाहेर एक दलाल कोणाला तरी सांगत होता, “अरे, ही गाय नाही, दुधाची विहीर आहे,” आणि दुसरा म्हणत होता, “मग तूच का नाही पाणी भरत.” तेविसावं हिरवं. तिसावं. तिला वाटू लागलं की काहीच झालेलं नाही, आणि तसं वाटल्याबरोबर तिच्या अंगात पुन्हा थोडा तोरा भरू लागला, लगेच, नळाला पाणी यावं तसा. सदतिसावं लाल.

सुमार्दींनी चष्मा वर केला. “वाच परत.” तिने वाचलं. लाल. आठ दिवसांपूर्वी खुरकूत निघालेला गोठा, दोन जनावरं मेलेली, दार बंद, विक्री बंद. गोठेवाल्याने तिसरी पहाटेच इथे आणून उभी केली होती आणि नशिबाने त्याला उघडी वाट सापडली होती. उरलेल्या चारही हिरव्या निघाल्या. घेणारी: बू पाइनेम, म्हणजे पाइनेमबाई, वरच्या अंगाला, कारांगसेतू गाव. सुमार्दी तिला ओळखत होते. “विधवा बाई. तीन दुभत्या गाई. दुधावर घर. आज चौथी घेऊन गेली, पिकअपमध्ये तिच्या शेजारीच बसून, गळ्यात हात टाकून.” मग घड्याळाकडे बघून म्हणाले, “चारला धार काढेल. त्याच हातांनी चारी गाईंची.”

त्याच वेळी पाक हार्गोंचा फोन आला, म्हणजे साहेबांचा. साहेबांना बातमी गावभर फिरून, कोणाच्या तरी मेहुण्याकडून कळली होती. “म्बाक लारास, रविवार आहे, थोडक्यात सांगतो,” असं म्हणून ते पुष्कळ बोलले. लारास फाटकाशी जाऊन उभी राहिली. “मी अहवाल मनात तयारच केलाय. मूळ कारण, माजी कर्मचाऱ्याने केलेली, कुठे नोंद नसलेली, पंचांगावर चालणारी स्क्रिप्ट. बघा, ऐकतानाच माणूस मान हलवतो. वरच्यांना दुसरं काही लागणारच नाही.”

“स्क्रिप्टने काही केलं नाही, पाक. ती काढली म्हणून झालं.”

“तेच ते. होती म्हणून काढावी लागली.”

“आणि ती गाय?”

“पत्र जाईल ना. मंगळवारी शिक्का, बुधवारी गावच्या कार्यालयात.”

“आज चारला धार काढतील.”

“आपण पशुवैद्य आहोत का, म्बाक? आपण आपलं यंत्र बघावं. आणि हो, तो सुमार्दी तिथे खिडकीवर अजून कसा बसतो, कोणाच्या परवानगीने? तेही या निमित्ताने उरकून टाकू. तुम्हालाही मोकळं वाटेल.”

तिला मोकळं वाटलं. हेच भयंकर होतं. क्षणभर, खरंच, कोणीतरी खिडकी उघडून वारा आत सोडावा तसं वाटलं: म्हातारा जाईल, वही जाईल, सदतिसावी ओळ एका पत्रात जाईल, आणि लॉग कोणी वाचणार नाही. आता मोठ्यांनीच बघितलंय म्हटल्यावर आपण काय करणार. ते वाक्य तिच्या मनात दानांगच्या आवाजात आलं नाही. तिच्याच आवाजात आलं, सुस्काऱ्यासकट. तिने “नंतर बोलते, पाक” म्हणून फोन बंद केला आणि फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. गजाला कसलीशी लाळ लागली होती. हात तिने लगेच काढला नाही.

परत आली तेव्हा सुमार्दी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते. शेंगांची पुडी त्यांनी तिच्याकडे सरकवली.

“पाक, मी फरक बघितला होता.”

त्यांनी शेंग फोडली. “मग दिसलं असेल.”

“दिसलं.”

“आणि?”

“मला वाटलं, तुमचं पंचांगाचं खूळ.”

सुमार्दी हसले. ते काही प्रेमळ हसू नव्हतं. “माझं? माझ्या बायकोला विचार, मला माझा जन्मदिवस धड सांगता येत नाही. पाहिंगला इथे बाजार असतो, पोरी. माझ्या आजोबांच्या आधीपासून. बस्स.”

“मग तसं लिहायचं होतं. ‘पाहिंगला बाजार असतो.’ तीन शब्द. तुम्ही दोन लिहिलेत, आणि खाली सही केलीत.”

ती हे चढ्या आवाजात बोलली होती. बाहेरचा दलाल वळून बघू लागला. सुमार्दींनी हातातलं टरफल मोडलं. “लिहिणार होतो,” ते म्हणाले. “बोटं ठेवलीही होती. मग मनात आलं, शहरातून येणाऱ्या ज्या माणसाला पाहिंगला काय असतं एवढंही कळत नाही, त्याने या यंत्राला हातच लावू नये. फार बरं वाटलं होतं तेव्हा. घरी जाऊन जास्तीचा भात खाल्ला.”

लारासला एकाएकी त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला. तो वर गेलेला ओठाचा कोपरा. ती नऊ वर्षं त्याला सावकाशपणा समजत आली होती.

“हार्गोने काय सांगितलं?” त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं, त्यांच्या स्टुलाचंही. ते म्हणाले, “स्टूल माझं घरचं आहे. घेऊन जाईन.” मग म्हणाले, “पाइनेमकडे फोन नाही. फोन मुलाकडे, मुलगा बाताममध्ये, कारखान्यात. मला डोळ्यांमुळे वरच्या रस्त्याला गाडी चालवता येत नाही. तू जाशील?”

“जाते.”

“नवी गाय वेगळी बांधायची, लांब. धार आधी जुन्या तिघींची. नवीची काढूच नये. काढायचीच तर शेवटी, आणि ओतून द्यायची. हात, बादली, सपाता, सगळं औषधाच्या पाण्याने. उद्या गुरांच्या वैद्यबाईंच्या गाडीतून मीही येतो. हे झालं. पण ती विचारेल, तुमच्याच शिक्क्याची चिठ्ठी आहे माझ्याकडे, मग सकाळी चांगली होती ती गाय दुपारी वाईट कशी झाली. तेव्हा काय सांगशील?”

“यंत्र बंद होतं, म्हणून सांगेन.”

“मग झालंच. यंत्र बंद पडलं म्हटलं की लोक शिव्यासुद्धा देत नाहीत. पुढच्या पाहिंगला खिडकीवर येतच नाहीत. ओढ्याच्या वाटेने परस्पर गुरं नेतात, आणि मग तुझं लाल-हिरवं कोणासाठी?” त्यांनी वही मिटली. “तीन गाई आहेत तिच्या, लारास. तिला खोटं कारण दिलंस तर ती बाकीचंही खोटं समजेल. नवी गाय वेगळी बांधणार नाही. पैसे मोजून आणलीय ती.”

लारासने एक शेंग उचलली, सोलली नाही. स्वतःची किळस यावी अशी वेळ होती आणि ती यायला तयारच होती, दारात उभी होती, सजून. तिच्याकडे बघताना लारासला कळलं की हाही तोच जुना तोरा आहे. दुसऱ्यांना खाली बघून झालं, आता स्वतःला. त्यातही ती वरच उभी राहणार होती. आणि तोवर चार वाजणार होते.

“मी केलं म्हणून सांगेन,” ती म्हणाली. “बघितलं आणि मग केलं, असं.”

“आज?”

“धारेच्या आत. वचन देते.”

“मला कशाला देतेस,” सुमार्दी म्हणाले, पण त्यांनी मान हलवली.

तिने फोन काढून लॉगमधल्या त्या ओळी हार्गोंना पाठवल्या, ‘डी’पासून ‘वाय’पर्यंत, आणि खाली लिहिलं: हे मी. स्क्रिप्टला दोष नाही, तिच्या मालकालाही नाही. मग तिला एक गोष्ट आठवली, आणि लाज वाटायची ती नेमकी इथे वाटली. बू पाइनेमसारख्या म्हाताऱ्या बाईशी बोलायची ती आदराची जावानी भाषा लारासला येत नव्हती. आईने शिकवायला घेतली होती, तेव्हा ती म्हणाली होती, असल्या वाकण्याच्या भाषेचं मला काय काम.

“पाक,” ती म्हणाली, “मोठ्यांशी बोलताना, चूक माझी, असं कसं म्हणतात?”

सुमार्दींनी टरफलं मुठीत गोळा केली. “कुला इंकांग लेपात.”

“कुला इंकांग लेपात.”

“घाईने म्हणू नकोस. भांडायला आल्यासारखं वाटतं.”

तिने पुन्हा म्हटलं. त्यांनी ऐकलं. वाट सांगितली: पडीक दूध डेअरी, तिथून डावीकडे, मग चढ संपेपर्यंत. पावणेतीन झाले होते. औषधाच्या पाण्याचा डबा तिने पायांच्या मधे ठेवला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि स्कूटर फाटकाबाहेर काढली. गवताचे भारे लादलेला एक ट्रक समोर हळूहळू चढत होता. रस्ता अरुंद होता, आणि तिला उशीर करून चालणार नव्हतं. पण वळणापलीकडचं दिसेपर्यंत ती त्याच्या मागेच राहिली, आणि हेल्मेटच्या काचेच्या आत, आपल्याच श्वासाच्या वाफेत, ते तीन शब्द एकेक करून, सावकाश, म्हणत वर निघाली.